व्हिडिओ सगळेच लावतात, थांबवतंय कोण? (शिक्षकाचा स्वभाव, तंत्रज्ञान आणि नाशिकचे वर्ग)

कादवाकाठ

मंडळी, मी गटसाधन केंद्रात विषय साधनव्यक्ती आहे. म्हणजे शाळाभेटी, शिक्षण परिषदा, प्रशिक्षणं आणि या सगळ्यांचे अहवाल. फिरणं जास्त दिंडोरी-पेठ बाजूला, अधूनमधून शहरातल्या शाळाही बघायला मिळतात. आता बहुतेक शाळांत कसला ना कसला पडदा आलाय. कुठे लोकवर्गणीचा टीव्ही, कुठे कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) आलेलं इंटरॅक्टिव्ह पॅनल, कुठे छताला टांगलेला प्रोजेक्टर. भेटीच्या तक्त्यात एक रकाना असतो, 'डिजिटल साधनांचा वापर होतो का? होय/नाही'. मी 'होय'वर खूण करतो आणि गाडीला किक मारतो. पण एका 'होय'त आणि दुसऱ्या 'होय'त इतकं अंतर आहे की ते त्या रकान्यात मावत नाही, म्हणून हा धागा.

उदाहरण देतो. पाचवीचा वर्ग, विषय चंद्रकला. शाळा दोन, व्हिडिओ जवळजवळ सारखाच.

पहिले सर शहरालगतच्या शाळेतले. बोलके, हजरजबाबी, स्वतःचं यूट्यूब चॅनल असलेले. आसपासच्या शाळांत कुणाचं पॅनल अडलं की फोन यांनाच. व्हिडिओ लावला, आवाज मोठा ठेवला, मुलं एकटक. शेवटी पॅनलवर चाचणी, बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज. पुढच्या बाकांवरची चार-पाच मुलं भराभर उत्तरं देत होती. वर्ग रंगला होता, त्यात वाद नाही. तास सुटल्यावर मागे बसलेल्या एका मुलीला विचारलं, "चंद्र अर्धा का दिसतो गं?" म्हणाली, "पृथ्वीची सावली पडते ना त्याच्यावर." ते झालं ग्रहण. व्हिडिओत तर स्पष्ट सांगितलं होतं की कलांचा सावलीशी संबंध नाही.

दुसऱ्या बाई पेठ तालुक्यातल्या. मोजकं बोलणाऱ्या, टायपिंग एका बोटाने. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावायला वर्गातलाच एक मुलगा उठतो. व्हिडिओ सुरू होऊन मिनिट झालं नसेल, बाईंनी थांबवला. "काल रात्री चंद्र कुठं होता रे?" पाड्यावरची मुलं ती, रात्री अंगणात असतात. कुणी डोंगराकडे हात केला, कुणी म्हणालं मी झोपलो तोवर उगवलाच नव्हता. दोघांची जुंपली. बाई गप्प. मग व्हिडिओ थोडा पुढे, पुन्हा थांबा. चंद्र अर्धा का, तर इथेही उत्तर आलं, "सावली पडते." दार-खिडक्या लोटून मोबाइलचा टॉर्च कपाटावर ठेवला, एका मुलाला चेंडू दिला, हात लांब करून डोक्यापेक्षा जरा वर धर म्हणाल्या, आणि जागच्या जागी गोल फिरायला लावलं. "तुझी सावली पडली का चेंडूवर?" "नाही बाई." "मग अर्धा काळा कसा?" एवढ्यातच तास संपला आणि अमावस्या दुसऱ्या दिवसावर गेली.

डिजिटल कौशल्याची कुठलीही यादी घ्या, सर वर येतील आणि बाई तळाला. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं होतं की विषय येणं वेगळं, शिकवायची पद्धत येणं वेगळं, आणि 'हा विषय मुलांना नेमका कुठे अडतो' हे कळणं हे तिसरंच ज्ञान. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञान जोडलं. टीपॅक नावाने ते प्रशिक्षणांत येतं. तीन वर्तुळं, एकमेकांत अडकलेली, बीएडवाल्यांना आठवत असतील. बाईंना चंद्रकला कुठे अडतात ते माहीत होतं. तंत्र म्हणून लागलं ते एकच बटण.

पण मला यात स्वभावही दिसतो. व्हिडिओ थांबवला की वर्ग गप्प होतो. मुलं काहीबाही बोलतात, तास हातातून निसटल्यासारखा वाटतो, त्यातून मागे माझ्यासारखा कुणी वही घेऊन बसलेला. ती पोकळी सोसणारा माणूसच थांबवू शकतो. बोलक्या माणसाला ती भरून काढायची घाई होते. आम्ही प्रशिक्षणात बटणं शिकवतो. हे शिकवता येतं का? तुमचे अनुभव लिहा, शिक्षक असाल तर जास्तच बरं.

खडूधारी

सर, मुद्दा पटला. पण आधी आमच्याकडचं ऐका.

मी सुरगाण्याच्या बाजूला, द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. डिजिटल कौशल्याचं म्हणाल तर आमच्याएवढं कुणाकडे नसेल. सरल, यूडायस प्लस, शालार्थ ही सरकारी पोर्टलं, पोषण आहाराची रोजची माहिती, प्रत्येक उपक्रमाचे फोटो लिंकवर. रेंज मिळते ती टेकडीवर. माझा जोडीदार शिक्षक यात एकदम तरबेज, म्हणून केंद्रातल्या निम्म्या शाळांचं ऑनलाइन काम त्याच्याच गळ्यात. तो लॅपटॉप घेऊन बसला की चारही इयत्ता माझ्याकडे. म्हणजे ज्याला येतं तोच वर्गातून बाहेर!

स्वभावाचा संबंध इथे सरळ आहे. तो कुणाला नाही म्हणत नाही. नाही म्हणणाऱ्याकडे काम जात नाही. तुमच्या त्या बाईंकडे एका बोटाचं टायपिंग आहे म्हणूनच त्यांना वर्ग मिळतोय, असं मला वाटलं.

कॉलेजरोडकर

मी पालक. आमच्याकडे उलटी तऱ्हा. शाळा खासगी (नाव घेत नाही), फी भरभक्कम, प्रत्येक वर्गात पॅनल. आणि रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते, 'उद्या प्रिंट काढून चिकटवून आणणे'. गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान तोवर बंद झालेलं असतं. ही डिजिटल कौशल्याची कमतरता की स्वभावाची? मला विचाराल तर नियोजनाची. मुलाला गणिताच्या मॅडम आवडतात, त्या पॅनलवर फळ्यासारखं लिहितात फक्त, पण पायरी गाळत नाहीत.

अण्णा पंचवटी

कादवाकाठ, तुम्ही तरुण दिसता. हे पहिल्यांदा होतंय असं समजू नका.

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पुण्याला बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली. मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार व्हायचे, चांगले असायचे. शाळांना टीव्ही मिळाले. अनेक ठिकाणी ते कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकाच्या खिशात. का? कारण टीव्ही डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या नोंदवहीला चढलेला. फुटला तर उत्तर कोण देणार? बदलीच्या वेळी चार्ज देताना वस्तू चालू स्थितीत दाखवावी लागते. न वापरलेला टीव्ही चालू स्थितीत राहतो, हा साधा हिशेब. बालचित्रवाणी २०१७ ला बंद झाली. त्या कपाटांतले काही संच, माझा अंदाज आहे, खोक्यातून बाहेर न येताच निर्लेखित झाले.

टीव्हीनंतर एमएस-सीआयटी, म्हणजे संगणक साक्षरतेचा कोर्स आला. प्रमाणपत्र नाही म्हणून वेतनवाढीचे प्रश्न उभे राहिले, तेव्हा पन्नाशीतले गुरुजी नातवाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून माऊस धरायला शिकले. पास झाले सगळे. वर्गात त्याचा उपयोग किती जणांनी केला ते विचारू नका.

तेव्हा शिक्षकाच्या स्वभावाआधी मुख्याध्यापकाचा स्वभाव बघा. "मोडलं तर मी बघतो" म्हणणारा मुख्याध्यापक असेल तर भित्रा शिक्षकसुद्धा हात लावतो. "सांभाळून हं" म्हणणारा असेल तर संपला विषय. माझ्या एका सहकाऱ्याने पॅनलचं प्लास्टिक वर्षभर काढलं नव्हतं, नवेपणा जाईल म्हणून!

कादवाकाठ

अण्णा, प्लास्टिक न काढलेलं पॅनल मीही पाहिलंय. डेडस्टॉकचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, तो खरंच मोठा आहे.

खडूधारी, 'ज्याला येतं तोच वर्गातून बाहेर' हे आमच्या पुढच्या बैठकीत तुमचं नाव न घेता मांडणार आहे.

कॉलेजरोडकर, त्या मॅडम पायरी गाळत नाहीत ते पॅनलमुळे नाही. खडू दिला तरी गाळणार नाहीत.

मोजपट्टी

मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सावधपणे लिहिते. लांबेल.

स्वभाव मोजायचा तर संशोधनात आज सर्वांत जास्त वापर होतो तो पाच घटकांच्या मांडणीचा. नव्या अनुभवांबद्दलची खुली वृत्ती, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक स्थैर्य. कुणी 'असा' किंवा 'तसा' नसतो. प्रत्येकजण प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो. शिक्षकांवरच्या २५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, सहा हजारांहून जास्त शिक्षक त्यात होते. सौजन्य सोडून बाकी चार घटकांचा अध्यापनाच्या परिणामकारकतेशी संबंध दिसला. पण दोन गोष्टी नीट वाचा. एक, संबंध लहान आहे. दोन, तो विशेषकरून दिसतो 'शिकवण्याच्या मूल्यांकनात', म्हणजे बघणाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला शिक्षक किती चांगला वाटला त्यात. मुलं प्रत्यक्ष किती शिकली, तिथे चित्र इतकं ठळक नाही.

आता कादवाकाठ यांचे पहिले सर आठवा. वर्ग रंगला, निरीक्षक खूश, आणि मागची मुलगी सावलीतच अडकलेली. बहिर्मुख शिक्षकाला गुण जास्त मिळतात त्यामागे हेही एक कारण असू शकतं, की गुण देणाराही माणूसच असतो आणि त्यालाही रंगलेला वर्ग आवडतो.

त्याच विश्लेषणात आणखी एक मजेशीर गोष्ट आहे. शिक्षकाने स्वतःच्या स्वभावाबद्दल भरलेल्या प्रश्नावलीपेक्षा इतरांनी त्याच्याबद्दल दिलेली माहिती परिणामांशी जास्त जुळली. डिजिटल कौशल्याच्या पाहण्याही बहुतेक 'तुम्हाला हे कितपत येतं?' असं शिक्षकालाच विचारून केलेल्या असतात. त्यात आत्मविश्वास मोजला जातो, कौशल्य मोजलं जातंच असं नाही. आत्मविश्वास बिनकामाचा नाही, मानसशास्त्रज्ञ बँडुरा यांनी १९७७ पासून स्व-क्षमतेबद्दल तेच सांगितलं: 'मला जमेल' असं वाटणारा माणूस अडल्यावर जास्त वेळ टिकतो. पण तो आत्मविश्वास यंत्राबद्दलचा आहे की शिकवण्याबद्दलचा, हे वेगळं पाहावं लागतं. त्या बाईंना यंत्राबद्दल नव्हता, शिकवण्याबद्दल भरपूर होता.

खडूधारींच्या जोडीदाराबद्दल: भावनिक स्थैर्य, बहिर्मुखता आणि काटेकोरपणा जास्त असलेल्या शिक्षकांत कामाने थकून विझून जाण्याचं प्रमाण कमी दिसतं. सौजन्य तसं वाचवत नाही. त्याला कुणीतरी 'नाही' म्हणायला शिकवा.

आणि कृपया, कुठल्या संस्थेने हा धागा वाचून भरतीच्या वेळी स्वभावचाचणी सुरू करू नये. एवढ्या लहान संबंधांवर माणूस निवडता येत नाही.

शंकासुर

एवढी चर्चा कशाला? पाच वर्षांत एआय शिकवणार आहे. ना स्वभाव, ना डेडस्टॉक, ना व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ.

खडूधारी

@शंकासुर, आमच्या टेकडीवर येऊ द्या त्याला. पोषण आहाराची माहिती तोच भरेल.

मोजपट्टी

शंकासुर टोमणा मारून गेले, पण त्यात विचार करण्यासारखं काही आहे. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या संगणकीय शिकवणीवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक आणि उच्च प्राथमिकची मुलं, शाळेनंतरची केंद्रं, साधारण साडेचार महिने. गणित आणि हिंदी दोन्हींत मुलं तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे गेली, गणितात जास्त. कारण काय? सातवीतलं मूल गणितात तिसरीच्या पातळीवर असेल तर यंत्र त्याला तिसरीपासून उचलत होतं. वर्गशिक्षकाला पन्नास मुलांत ते करता येत नाही, त्याचा स्वभाव सोन्याचा असला तरी. अर्थात तिथेही रोज छोट्या गटाला शिकवणारा माणूस होताच, निव्वळ यंत्र नव्हतं.

याउलट पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटले, त्याचं मूल्यमापन २०१२ मध्ये आलं, आणि गणित-भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. शिकवण्यात काही बदललंच नव्हतं. म्हणजे कादवाकाठ म्हणतात तसं सगळं शिक्षकाच्या थांबण्यावर नाही. चंद्रकलेसारख्या संकल्पनेला थांबणारी बाई हवी. भागाकार कच्चा असलेल्या मुलाला कदाचित न कंटाळता शंभर उदाहरणं देणारं यंत्र बरं.

द्राक्षबाग

मी शिक्षक नाही, शेतकरी. पण शाळा व्यवस्थापन समितीत आहे, त्यामुळे गावच्या शाळेत जाणं होतं.

आमच्याकडे कुठलीही सभा झाली की पाहुणे दोन उदाहरणं देतात. एक रणजितसिंह डिसले गुरुजी: परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा, पुस्तकांत क्यूआर कोड, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, आणि बक्षिसातली निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. दुसरं आपल्याच जिल्ह्यातलं, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं हिवाळी. केशव गावित गुरुजी, वर्षाचे ३६५ दिवस भरणारी शाळा, दोन्ही हातांनी लिहिणारी मुलं. मी स्वतः हिवाळी बघून आलोय. थक्क व्हायला होतं, खोटं नाही.

पण सभा संपल्यावर आमच्या गुरुजींचं तोंड बघवत नाही. घरी म्हातारी आई, नाशिकहून रोजचं येणं-जाणं, बाकी माणूस चांगला. त्याला वाटतं मी हिवाळीसारखा नाही म्हणजे मी काहीच नाही. असामान्य माणसाच्या स्वभावावर योजना आखता येते का? आमच्या द्राक्षाच्या गटात एक जण विक्रमी माल काढतो, सल्लागार मात्र सगळ्यांना जमेल तेच वेळापत्रक देतो. शाळांसाठी तसं कुणी देतं का?

सिडकोची बाई

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, हा धागा वाचून राहवलं नाही.

मोजपट्टी ताई, मी तुमच्या त्या पट्टीवर बहिर्मुखतेच्या अगदी खालच्या टोकाला असेन. डीएडला असताना पाठाच्या वेळी आवाज फुटायचा नाही. नोकरी लागली ती अंबड एमआयडीसीजवळच्या वस्तीतली शाळा. कामगारांची मुलं, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी अहिराणी. वर्ग मोठा, बाहेर टेम्पोंचे हॉर्न. मागच्या मुलांपर्यंत माझा आवाज पोहोचतच नव्हता.

लॉकडाऊनमध्ये सगळे झूमवर धडपडत होते. आमच्या मुलांकडे डेटा नव्हता, फोन होता तो बाबांचा, तोही संध्याकाळी. म्हणून मी गोष्टी सांगून आवाजाच्या छोट्या फिती पाठवायला लागले. तीन-चार मिनिटांच्या. खोलीत एकटी, दार लावून. चुकलं तर पुसून पुन्हा. आणि गंमत म्हणजे त्यात मी वेगळीच बाई होते. राक्षसाचा आवाज काढायचे, म्हातारीचा काढायचे. पालकांचे निरोप यायचे, "मॅडम, आज की कहानी नहीं आई?"

शाळा सुरू झाल्यावर पहिलीतल्या एका मुलाने मला ओळखलंच नाही. आवाज ऐकल्यावर म्हणाला, "ये तो कहानीवाली मैडम है!" त्यानंतर वर्गातही तो आवाज थोडा थोडा निघायला लागला. आता एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणि कॉलर माइक घेतलाय, स्वतःच्या पैशाने. वरिष्ठ हसतात, "बाई, सभा आहे का?" हसू देत. मागच्या बाकापर्यंत पोहोचतं.

तेव्हा कादवाकाठ सर, बोलक्याला थांबणं अवघड हे मान्य. पण अबोल माणसाला तंत्र आवाजही देतं. तुमच्या धाग्यात अबोल बाई जिंकल्या, मला बरं वाटलं, पण अबोल असणं म्हणजे धीर असणं नव्हे. मी वर्गात गप्प असायचे ती भीतीने. मुलांना विचार करायला वेळ द्यावा म्हणून नव्हे.

अण्णा पंचवटी

बाई, तो कॉलर माइक डेडस्टॉकला चढवू नका! स्वतःचा आहे तोवर वापरात राहील.

मोजपट्टी

सिडकोची बाई, तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते माझ्या अख्ख्या लांबलचक प्रतिसादापेक्षा नेमकं आहे. बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. निरीक्षकाच्या वहीत दोन्हींची नोंद 'शिक्षक कमी बोलतात' अशीच होईल.

कॉलेजरोडकर

ब्लूटूथ माइकचं ऐकून आठवलं, आमच्या शाळेत पालकसभेला नेहमी माइक बंद पडतो. पॅनल पाच लाखांचं असेल. असो, अवांतर.

कादवाकाठ

सिडकोची बाई, प्रतिसाद दोनदा वाचला. अबोल आणि धीराचा यांची गाठ मी घाईने मारली होती, ती सोडतो. आता वाटतं, बघायला हवं ते वेगळंच: मुलाचं उत्तर चुकीचं आलं की शिक्षक काय करतो. पहिल्या सरांच्या पॅनलवर चुकीच्या उत्तराला 'टुंई' असा आवाज येतो आणि पुढचा प्रश्न. बाईंच्या वर्गात 'सावली' हे चुकीचं उत्तर आलं तेव्हा त्यावरच अख्खा तास झाला. माणूस बोलका की अबोल, याने फारसं बिघडत नाही. चुकीच्या उत्तरात त्याला रस आहे की नाही, याने बिघडतं. आणि हा रस काटेकोर माणसालाही असू शकतो, गप्पिष्टालाही.

सरांची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या वर्गात पट साठाच्या वर, तास पस्तीस मिनिटांचा, अभ्यासक्रम पुढे न्यायचा. चेंडू धरून फिरायला वर्गात जागाच नाही. मी त्यांना त्या मुलीच्या उत्तराबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांना वाईट वाटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. आता ते प्रत्येक व्हिडिओला आधीच दोन जागा ठरवतात, कुठे थांबायचं आणि काय विचारायचं. पाठाच्या टाचणात लिहून ठेवतात. 'पृथ्वी, चंद्र, सूर्य एका रेषेत आले: थांबा. विचारा, दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?' (उत्तर ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.) स्वभाव तोच आहे, अजूनही भरपूर बोलतात. पण कागदावर 'थांबा' लिहिलेलं असलं की थांबतात.

द्राक्षबाग, तुम्ही मागितलेलं वेळापत्रक बहुतेक असंच काहीतरी साधं असेल. प्रत्येक व्हिडिओला दोन थांबे, आणि प्रत्येक थांब्याला असा प्रश्न ज्याचं चुकीचं उत्तर येण्याची शक्यता जास्त. ते सगळ्यांना जमावं. तुमच्या गुरुजींना हिवाळी दाखवू नका, हे दाखवा.

द्राक्षबाग

दाखवतो. पण लिहून कोण देणार? त्यांच्याकडे वेळ नाही हो.

सिडकोची बाई

मी देते चार. दीक्षा अ‍ॅपवर आपल्या पुस्तकांतल्या क्यूआरचे बरेच व्हिडिओ आहेतच, त्यावरच करूया, म्हणजे नवीन काही शोधायला नको. अपूर्णांकांपासून सुरू करते. १/३ मोठा की १/४, यावर माझ्या वर्गात दरवर्षी भांडण होतं. मुलं म्हणतात चार मोठा म्हणून १/४ मोठा. व्हिडिओत पोळी कापायच्या आधीच थांबायचं.

खडूधारी

आमच्यासाठी ऑफलाइन ठेवा, डाउनलोड करून. आणि प्रश्न मराठीत लिहिलेत तरी घरची बोली कोकणा (आदिवासी बोली) असलेल्या पोरांसाठी आम्ही फिरवून घेऊ. एक व्यावहारिक प्रश्न: आमच्या टीव्हीचा रिमोट हरवलाय. थांबवायचं कसं?

कॉलेजरोडकर

मोबाइलमध्ये इन्फ्रारेड असेल तर रिमोटचं अ‍ॅप चालतं. नसेल तर टीव्हीच्या मागे किंवा खालच्या कडेला बटणं असतात, बघा.

अण्णा पंचवटी

लॅपटॉपवरून दाखवत असाल तर स्पेसबार. एमएस-सीआयटीत शिकलेलं एवढं लक्षात आहे.

कादवाकाठ

मग ठरलं तर. सिडकोच्या बाई अपूर्णांक, मी चंद्रकला आणि जलचक्र, शहरालगतच्या सरांना विचारून त्यांचे टाचणातले थांबे घेतो (त्यांना हा धागा पाठवलाय, 'पहिले सर मीच का?' असा निरोप आला, रागावलेले नाहीत). राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शिक्षकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण अपेक्षित धरलंय. त्यातले काही तास एकमेकांच्या वर्गात बसून बघण्याला द्यावेत आणि ते धरले जावेत, असं केंद्रप्रमुखांपुढे मांडतो. धरतील की नाही ते त्यांच्यावर. मोजपट्टी, बघणाऱ्याने वहीत काय लिहायचं याचा एक छोटा तक्ता कराल का? 'होय/नाही' सोडून.

मोजपट्टी

करते. तीनच रकाने ठेवते: कुठे थांबले, कुठलं चुकीचं उत्तर आलं, त्याचं पुढे काय झालं. शिक्षकाच्या स्वभावाबद्दल एकही रकाना नसेल.

खडूधारी

पेन ड्राइव्ह बाऱ्ह्याच्या केंद्रशाळेत ठेवा, मी घेऊन जाईन. आणि तो वर्ग बघायचा कार्यक्रम शनिवारी ठेवू नका सर. शनिवारी सकाळची शाळा असते, आणि माझा जोडीदार त्या दिवशी आठवड्याची माहिती भरायला टेकडीवर असतो.

कादवाकाठ

बुधवार ठेवतो. आणि त्या दिवशी टेकडीवर मी जातो, त्याला वर्गात राहू द्या.